चौथं बटण पंख्याचं

अजूनही कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की माझी नजर भिंतीवरच्या फोटोंकडे न जाता विजेच्या बोर्डाकडे जाते. पंख्याचं बटण कितवं आहे ते मी मनात मोजते, आणि ते चौथं नसलं की उगाच रुखरुख लागते. ही खोड मला सरांनी लावली. सर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी नोकरीला लागले तेव्हा ते तिथल्या सर्व्हर रूमचे प्रमुख होते. पाठीमागे त्यांना सगळे 'एकसारखे' म्हणत. हे नाव इतकं रुळलं होतं की एका कुरिअरवाल्याला ते त्यांचं आडनावच वाटलं. "एकसारखे साहेब कोण?" असं त्यानं खुद्द त्यांनाच विचारलं. सरांनी सही करून पाकीट घेतलं.

सर उंच, किडकिडीत, आणि रोज राखाडी शर्टात. तसे शर्ट त्यांच्याकडे किती होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मोजायचं म्हटलं तरी एक दुसऱ्यापासून ओळखू येत नसे. डब्यात वरच्या पुड्यात पोळ्या, मधल्यात भाजी, खालच्यात भात. कँटीनमध्ये एखाद्या दिवशी जेवायची वेळ आली तर ताटातल्या वाट्या ते आधी आपल्या क्रमानं लावून घेत आणि मगच घास उचलत. वाढणारा माणूस नवा असला की त्याला वाटे, यांना काहीतरी आवडलेलं नाही.

कुणीतरी एकदा त्यांना म्हणालं की तुमचं घराणं उमरेडच्या विणकरांचं, धागा इकडचा तिकडे झालेला तुम्हाला खपणार नाही, ते रक्तातच आहे. आम्हा सगळ्यांना हे फार पटलं होतं. सरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "माझ्या बापानं माग विकला अन् हाफिसात चपराशी झाला. मी धाग्याले हात नाही लावला कधी. उगाच गोष्टी नोका जोडू." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आमचं काम काय होतं हे थोडं सांगायला हवं, नाहीतर सर कळायचे नाहीत. मोठ्या ताकदीचं एक यंत्र असतं. त्याच्या पोटात बरीच छोटी छोटी यंत्रं असतात, पण ती खरी नसतात, आभासी असतात. प्रत्येकाला मात्र वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, आपलं घर वेगळं आहे. एकात कुठल्या इस्पितळाची नोंदणी चालते, दुसऱ्यात एखाद्या पतसंस्थेचा कारभार. मोठ्या यंत्राला आम्ही होस्ट म्हणायचो, सर यजमान म्हणायचे. मग आतल्या छोट्या यंत्रांचं नाव आपोआप पाहुणे झालं. एखाद्या यजमानाची दुरुस्ती निघाली की त्याचे पाहुणे चालत्या कामासकट दुसऱ्या यजमानाकडे हलवायचे असतात. आणि तिकडच्या इस्पितळातल्या खिडकीवर बसलेल्या बाईला यातलं काहीही कळता कामा नये.

माझ्या पहिल्याच दिवशी सरांनी मला हे समजावलं. मी इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात आलेली, वहीबिही उघडून बसलेली. ते म्हणाले, "वही मिट. पाहुणा झोपला आहे. त्याले खाटेसकट उचलाचं, दुसऱ्या घरी नेऊन ठेवाचं, अन् त्याले जाग नाही आली पायजे. उठल्यावर त्यानं हात लांबवला का तांब्या तिथंच सापडला पायजे. एवढंच काम आहे वं आपलं."

हा तांब्या म्हणजे नेटवर्कची जोडणी. प्रत्येक यजमानाच्या आत काही आभासी नेटवर्क कार्डं असतात, घराला दारं असावीत तशी. एक दार आमच्या देखरेखीसाठी, एक पाहुण्यांच्या ने-आणीसाठी, एक साठवणीच्या कपाटाकडे जाणारं. शिवाय पाहुण्यांना बाहेर बोलायला वेगळी दारं, त्यांना नावं दिलेली. सगळ्या यजमानांकडे ही दारं त्याच क्रमानं, त्याच नावानं हवीत. एके ठिकाणी नाव मोठ्या अक्षरात आणि दुसरीकडे लहान अक्षरात असलं तरी पाहुणा तिकडे जाऊन मुका होतो. आत सगळं चालू असतं, पण त्याचं बाहेर कुणी ऐकत नाही.

असा एक पाहुणा आमच्याकडे खरंच मुका झाला. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट येईनासे झाले. तिकडून फोनवर फोन. आम्ही पोरं शोधून शोधून दमलो; दोन्ही यजमानांवरचं नाव पडद्यावर अगदी तेच दिसत होतं. सर आले, त्यांनी आम्हाला ते नाव अक्षर अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाले, आता शेवटच्या अक्षरावरून कर्सर पुढे ने. तो पुढे गेला. नावाच्या शेवटी कुणाच्या तरी अंगठ्यानं एक रिकामी जागा पडली होती. आमचे मॅनेजर, पुण्याहून आलेले, हसून म्हणाले की एवढ्याशा न दिसणाऱ्या गोष्टीसाठी एवढा गोंधळ? सर म्हणाले, "जे दिसत नाही त्याचाच तं त्रास असते." ते आमच्यापैकी कुणाकडेच पाहत नव्हते. आम्हाला ते नेहमीसारखं तिरकस वाटलं. त्यांच्या घरी काय चाललं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यांची आणखी एक परीक्षा असे, आणि तिचा आम्हाला जाम कंटाळा होता. "डोळे मिट," ते म्हणायचे. "आता सांग, तिसऱ्या यजमानाचं दुसरं दार कायचं?" डोळे मिटून उत्तर द्यायचं, डोळे मिटून कपाटाशी जायचं, डोळे मिटून केबलवर हात ठेवायचा. चुकलं की दोष आमचा धरत नसत, यंत्राचा धरत. नेम चुकला म्हणजे मांडणी चुकली, असा त्यांचा हिशेब. बाहेर मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, आणि आम्ही त्या गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून आंधळी कोशिंबीर खेळायचो. नवीन माणसाला हे सगळं वेड्यांचं घर वाटत असणार.

मग एका संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला त्यांच्या घरी गेले. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या तीन खोल्या. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, उघडलं. ठसठशीत, हसऱ्या, भिवापूरच्या माहेराचा खणखणीत आवाज असलेल्या. त्यांनी सवयीनं चौथं बटण दाबून पंखा लावला, मला बसवलं, पाणी आणलं, वाटीत सांडगी मिरची आणली. मी तिळगूळ पुढे केला. त्यांचा हात माझ्या हाताच्या बाजूनं निघून गेला आणि हवेत थांबला. मी घाईघाईनं वडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. "नळीतून पाह्यल्यासारखं दिसते मले," त्या म्हणाल्या, अगदी सहज, जसं कुणी गुडघे दुखतात म्हणून सांगावं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. नळी दरवर्षी बारीक होत होती, आणि ती एक दिवस बंद होणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

काकूंना एकाच गोष्टीचा तिटकारा होता, विचारण्याचा. बटण कुठाय, न्हाणीघर कुठाय, उंबरठा आहे का. कुणाकडे गेलं की हे विचारावं लागतं म्हणून त्यांनी जाणं-येणंच सोडायला घेतलं होतं. सरांनी त्यावर आपल्या परीनं उपाय काढला. इतवारी बाजारातल्या घाऊक दुकानातून एकाच बनावटीचे बोर्ड आणले आणि नातेवाइकांची घरं बदलायला लागले. भिवापूरला मेहुण्याच्या घरी, उमरेडला भावाकडे, पुण्यात मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुद्धा. पहिलं बटण दिव्याचं, चौथं पंख्याचं, शेवटचं कूलरचं, आणि कूलरच्या पंपाचं बटण वेगळ्या उंचीवर, चुकून ओल्या हातानं लागू नये म्हणून. मुलगा म्हणे, घरमालक बोंबलेल. सरांनी घरमालकाच्या हॉलमधलाही बोर्ड बदलून दिला. जावई पहिल्यांदा घरी येताना पेढे आणतो तसे ते हातात पेचकस घेऊनच नातेवाइकांकडे जात, आणि लोक हसत. मीही हसले असते. पण त्या संक्रांतीनंतर मला हसू आलं नाही, आणि डोळे मिटायच्या परीक्षेला मी कधी कुरकुर केली नाही.

आता सरांच्या चुकीबद्दल. ती त्यांच्याखेरीज कुणी केलीच नसती.

कंपनीनं नवे यजमान घेतले. एकेकाची दारं हातानं बसवायची म्हणजे कुठेतरी हात चुकणार, म्हणून सरांनी एक युक्ती केली. पहिल्या यजमानाची सगळी मांडणी उचलायची आणि जशीच्या तशी बाकीच्यांवर उमटवायची. नावं, क्रम, एका खेपेत माहितीचं किती मोठं पाकीट पाठवायचं त्याचं माप, सगळं. काम झालं तेव्हा त्यांचा चेहरा काय फुलला होता. सगळे यजमान ओळीनं, एकसारखे. आणि थोड्याच वेळात सगळं कोसळलं. प्रत्येक दाराला आपला स्वतःचा पत्ता असतो, तो मात्र प्रत्येकाचा वेगळा लागतो. सरांनी पत्तासुद्धा तोच उमटवला होता. एकाच पत्त्यावर सगळी घरं उभी राहिली आणि कुणाची गोष्ट कुणाकडे जायची ते कळेना. इस्पितळांच्या खिडक्यांपुढे रांगा लागल्या. मॅनेजर मीटिंगमध्ये कारण विचारत होते आणि आम्ही सगळे टेबलाकडे पाहत होतो. सर उभे राहिले. "माझी चूक आहे," ते म्हणाले. "सगळं सारखं कराच्या नादात मी साऱ्यांले एकच पत्ता देऊन बसलो." मग स्वतःच बसून सगळं निस्तरलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला त्यांची फार दया आली, आणि ती दाखवायची सोय नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी महालातलं घर सोडायची वेळ आली. मालकानं जागा बिल्डरला दिली होती. सरांनी बेसा भागात एक फ्लॅट घेतला. काकूंची नळी तोवर जवळजवळ मिटत आली होती. जुन्या घरात त्या सगळं करायच्या, स्वयंपाकसुद्धा. तिथली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हाताला पाठ होती. नव्या घरी काय? सर दिवसभर मिहानमध्ये. त्यांनी बाई ठेवायचं काढलं तर काकूंनी दोन दिवस अबोला धरला. दुसऱ्याच्या हातचं गिळत बसायला मी आजारी नाही, असं त्यांचं म्हणणं. सरांना झोप लागेनाशी झाली होती. ऑफिसात एकदा ते मला म्हणाले की पाहुणा हलवायला आपण घाबरत नाही, पण ही हलवायची म्हणजे मले भेव लागून राहिलं.

आणि मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सुरुवात केली. महालातलं घर त्यांनी टेपनं मोजलं. दारापासून पलंग, पलंगापासून देवघर, माठापासून मोरी. एका रविवारी आम्हा दोघा-तिघांना मदतीला बोलावलं. मी जुन्या घरात मापं सांगायला फोन धरून उभी, बाकीचे नव्या घरात कपाटं सरकवताहेत, आणि सर डोळ्यांना उन्हात बांधायचा दुपट्टा घट्ट बांधून नव्या घरात फिरताहेत, हात पुढे करून, "थोडं डावीकडे, अजून, बस." समोरच्या फ्लॅटमधल्या बाईनं दार उघडून हे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. गवंडी लावून सरांनी भिंतीतले कोनाडे पाडले, खुंट्या ठोकल्या, बोर्ड तर अर्थात बदललेच.

काकू आल्या त्या दिवशी आम्हीही गेलो होतो. सर दारात बाजूला उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. काकूंनी उंबरठा ओलांडला, उजवा हात भिंतीला लावला, पंखा सुरू झाला. चालत गेल्या, माठावरचं झाकण उचललं, पाणी प्यायल्या. देवघरापाशी वाकून नमस्कार केला. एकदाही थांबल्या नाहीत, एकदाही कुणाला काही विचारलं नाही. सरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग काकू स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर तळवा टेकला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"बोटभर फरक नाही," सर मागून म्हणाले.

"हो. तोच आहे." काकूंनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. "इथं असाच होता का?"

"नाही, इथला उंच होता. मी तोडून खाली घेतला."

काकूंनी दोन्ही तळवे ओट्यावर टेकले. त्यांचा आवाज आला तेव्हा तो खणखणीत नव्हता. "लग्न होऊन आली तवापासून त्या बुटक्या ओट्यावर वाकून सैपाक करून राहिली मी. मले वाटलं होतं, नव्या घरी तरी पाठ सरळ होईन."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तं मोजलं."

सर तिथल्या तिथे भिंतीला टेकले. मी शेजारी होते. माझ्याकडे न पाहता ते हळूच म्हणाले, "पुन्हा पत्ता बी कॉपी केला वं मी."

पण लगेच ते सावरले, आणि मग जे झालं त्याला भांडणच म्हणायला हवं. सरांचं म्हणणं, ओटा उंच केला तर तुझा हात त्याला ओळखणार नाही. शेगडी वर जाईल, तुझा अंदाज चुकेल, आणि मी इथे नसेन. काकूंचं म्हणणं, शिकेन. सर म्हणाले, "अन् हात भाजला तं?" काकू म्हणाल्या, "भाजला तं भाजला. नवी नवरी होती तेव्हा बी भाजत होता, तेव्हा तं डोळे चांगले होते." सरांना भीती वाटत होती, इतकी की ते आमच्यासमोर ती लपवूही शकले नाहीत. माणूस भीतीनं हट्टी होतो हे मी त्या दिवशी पाहिलं. तरी दुसऱ्या आठवड्यात गवंडी परत आला. ओटा किती उंच करायचा ते काकूंनी सरळ उभं राहून, कोपरातून हात वाकवून दाखवलं. त्या वेळी सरांनी टेप खिशातून काढली नाही.

आज माझ्या हाताखाली पोरं आहेत. यजमानांची मांडणी आता एका साच्यातून होते. साचा एकदा ठरवला की बटण दाबायचं, सगळीकडे दारं सारखी बसतात, आणि पत्ता तेवढा ज्याचा त्याला वेगळा मिळतो. कुणाला डोळे मिटायला लागत नाहीत. पोरं हुशार आहेत, भराभर काम उरकतात. कधी कधी मला त्यांना थांबवून सरांबद्दल सांगावंसं वाटतं, पण कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही. सर वारले त्यालाही आता बराच काळ लोटला. काकू बेसाच्या त्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. मुलगा पुण्याला बोलावतो, त्या जात नाहीत, आणि मी फोन केला तर आधी त्याच मला काय जेवलीस म्हणून विचारतात. मला सरांची आठवण येते ती सर्व्हर रूममधली क्वचित येते. येते ती ओटा उंच झाल्यानंतरच्या एका दुपारची.

त्या दिवशी काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं. नव्या ओट्यावरचा पहिलाच पाहुण्यांचा स्वयंपाक. भरली वांगी, वरण, भात, पोळ्या. स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही, ही त्यांची अट. सर आणि मी बाहेर बसलो होतो. सर खुर्चीच्या अगदी टोकावर, दोन्ही हातांनी कड धरून. आत शेगडी पेटल्याचा आवाज झाला, त्यांनी श्वास रोखला. फोडणी तडतडली, त्यांनी मान वळवली. मी ऑफिसातलं काही बोलत होते, ते हं हं करत होते, पण एक अक्षर त्यांच्या कानात शिरत नव्हतं. पोळ्या लाटल्याचा आवाज सुरू झाला, एका लयीत, आणि मला वाटलं आता ते थोडे सैल होतील.

तेवढ्यात आत काहीतरी धाडकन पडलं. घरंगळत गेलं आणि गोल गोल फिरत थांबलं. सर एका झटक्यात उठले. दोन पावलं टाकून ते दाराच्या पडद्यापाशी पोहोचले होते आणि त्यांनी हात पुढे केला होता.

"बसा तिथंच," आतून काकूंचा आवाज आला. "भांडं पडलं. मी नाही पडली."

सर पडद्यापाशी तसेच उभे राहिले. आत लाटणं पुन्हा सुरू झालं. मग ते मागे फिरले, खुर्चीत बसले, आणि पाठ टेकली.